रेडमाइन स्वतःच्या सर्व्हरवर बसवताना: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमीचे घोळ

रेडमाइन म्हणजे टीमची कामं आणि प्रोजेक्ट सांभाळणारं, रुबी भाषेत लिहिलेलं वेब ॲप्लिकेशन. ते बसवताना अडकलेल्या माणसाचा निरोप साधारण एकाच साच्यातला असतो. "सगळं केलं, शेवटी पाचशेची एरर येतेय." (५०० म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक.) सोबत स्क्रीनशॉट. त्या स्क्रीनशॉटचा फारसा उपयोग होत नाही, कारण चूक तिथे झालेलीच नसते. ती दोन-तीन पायऱ्या मागे होऊन गेलेली असते आणि आता फक्त तोंड वर काढते. म्हणून या लेखात बहुतेक टप्प्यांच्या शेवटी एक तपासणी दिली आहे. ती पास झाली तरच पुढे जा. "नंतर बघू" म्हणून पुढे सरकलात की मग मागचं सगळं उसवावं लागतं.

इथे गृहीत धरलेला संच असा: उबुंटू २४.०४, रेडमाइन ६.०, पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस), पुमा (रेडमाइन चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर) आणि समोर एन्जिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन पुमाकडे देणारा वेब सर्व्हर). आज्ञा आणि फाइलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## ०. सर्व्हरला हात लावण्याआधी

तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिली, आवृत्त्यांची जुळणी. रेडमाइन ६.० ला रुबी ३.१, ३.२ किंवा ३.३ लागते. उबुंटू २४.०४ सोबत ३.२ येते, डेबियन १२ सोबत ३.१, म्हणजे दोन्हीकडे काम होतं. उबुंटू २२.०४ सोबत मात्र ३.० येते आणि तिथे गाडी अडते. मग लोक वेगळी रुबी बसवायला घेतात, सर्व्हरवर दोन रुबी होतात, आणि टर्मिनलमध्ये एक चालते तर सर्व्हिसमध्ये दुसरी. शक्य असेल तर सरळ २४.०४ चा नवा सर्व्हर घ्या.

दुसरी, मेमरी. दहा-पंधरा जणांच्या टीमला २ जीबी रॅम पुरते. १ जीबीवर चालेल, पण जेम (रुबीच्या तयार लायब्ररी) बसवताना काही भाग सर्व्हरवरच कंपाइल होतात आणि त्यात मेमरी संपली की प्रक्रिया फक्त "किल्ड" एवढं बोलून मरते. आधीच २ जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) करून ठेवा.

तिसरी, पत्ता. रेडमाइन कोणत्या सबडोमेनवर असणार ते आजच ठरवा आणि डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (नावाला सर्व्हरचा आयपी पत्ता जोडणारी नोंद) आत्ताच घाला. सातव्या टप्प्यात एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट घेताना तो पसरलेला हवा. त्याच नावाचा जुना क्वाड-ए (आयपीव्ही६ चा) रेकॉर्ड पडून असेल तर काढा किंवा दुरुस्त करा. मोफत सर्टिफिकेट देणारं लेट्स एनक्रिप्ट आयपीव्ही६ चा पत्ता दिसला की आधी तिकडे जातं, आणि तो पत्ता जुन्या सर्व्हरचा निघाला की तुम्ही इथे तासभर एन्जिनएक्स खरवडत बसता.

## १. सर्व्हरची तयारी

सिस्टिम अपडेट करा. मग फायरवॉल, पण आधी ओपनएसएसएच ला (सर्व्हरवर दुरून लॉगिन) परवानगी, नंतर ८० आणि ४४३ (वेबचे पोर्ट), आणि सगळ्यात शेवटी यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू.

सावधान: हा क्रम उलटा झाला तर पुढचं एसएसएच कनेक्शन लागणार नाही आणि तुम्ही स्वतःच्याच घराबाहेर. पुमाचा ३००० हा पोर्ट उघडू नका. अनेक जण "फक्त टेस्टिंगपुरता" उघडतात आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. क्लाउड कंपनीच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असेल तर ८० आणि ४४३ तिथेही उघडावे लागतात.

आता लोकेल (सिस्टिमची भाषा आणि अक्षरांचं एन्कोडिंग) तपासा. 'लोकेल' ही आज्ञा दिल्यावर यूटीएफ-८ दिसलं पाहिजे. हे आत्ताच का? कारण पोस्टग्रेएसक्यूएलचं पॅकेज बसतानाच आपला क्लस्टर (सगळे डेटाबेस राहतात ती जागा) बनवतं आणि त्या क्षणीचं लोकेल उचलतं. तेव्हा लोकेल चुकीचं असेल तर क्लस्टर एसक्यूएल-आस्कीमध्ये बनतो आणि पुढच्या टप्प्यात यूटीएफ-८ चा डेटाबेस बनवायला तो नकार देतो.

मग पॅकेजेस: रुबी-फुल, बिल्ड-इसेन्शियल, पोस्टग्रेएसक्यूएल, लिबपीक्यू-डेव्ह, लिबयॅमल-डेव्ह, इमेजमॅजिक, घोस्टस्क्रिप्ट, एन्जिनएक्स. लिबपीक्यू-डेव्ह आणि लिबयॅमल-डेव्ह हे दोन हमखास विसरले जातात. ते नसतील तर चौथ्या टप्प्यात लांबलचक लाल मजकूर येतो आणि त्यातली कामाची ओळ मध्येच कुठेतरी असते.

शेवटी 'रेडमाइन' नावाचा स्वतंत्र युजर बनवा. त्याला सुडोचे (रूट म्हणजे मुख्य प्रशासक होऊन आज्ञा चालवण्याचे) अधिकार देऊ नका.

तपासणी: रुबीची आवृत्ती ३.२ दिसते का? दुसऱ्या खिडकीतून नव्याने एसएसएच होतं का? पहिली खिडकी बंद न करता बघा.

## २. डेटाबेस

पोस्टग्रेस युजर होऊन पीएसक्यूएल (डेटाबेसचं टर्मिनल) उघडा. 'रेडमाइन' नावाचा, लॉगिन करू शकणारा रोल (डेटाबेसचा युजर) पासवर्डसह बनवा. मग त्याच नावाचा डेटाबेस बनवा, एन्कोडिंग यूटीएफ८ आणि मालक रेडमाइन. मालकाचा भाग गाळू नका. फक्त "सगळे अधिकार दिले" म्हणून भागत नाही, कारण पोस्टग्रेएसक्यूएल १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये टेबल बनवायची मुभा इतरांना आपोआप मिळत नाही. उबुंटू २४.०४ सोबत १६ येते. जुने लेख बघून केलेल्या इन्स्टॉलेशन पाचव्या टप्प्यात "परवानगी नाही" म्हणून पडतात त्या यामुळे.

मायएसक्यूएल वापरणार असाल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ च ठेवा. जुन्या तीन बाइटच्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी बिनबोभाट मावते, त्यामुळे "मराठी चालतंय की" म्हणून आपण निर्धास्त होतो. मग कोणीतरी कामाच्या नोंदीत अंगठ्याचा इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि ती नोंद सेव्हच होत नाही.

तपासणी: रेडमाइन रोलने, लोकलहोस्टवरून, पासवर्ड टाकून पीएसक्यूएलमध्ये शिरता आलं पाहिजे. डेटाबेसच्या यादीत त्याच्यासमोर यूटीएफ८ आणि मालक म्हणून रेडमाइन दिसला पाहिजे.

## ३. कोड आणि डेटाबेसची फाइल

रेडमाइनच्या अधिकृत साइटवरून ६.० ची टारबॉल (कोडची संकुचित फाइल) घ्या, दिलेला चेकसम (फाइल अखंड आली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघा, /ऑप्ट/रेडमाइन मध्ये उलगडा आणि संपूर्ण फोल्डरची मालकी रेडमाइन युजरला द्या.

इथून सहाव्या टप्प्यातल्या सिस्टिमडीच्या सर्व्हिसच्या आधीपर्यंत सगळी कामं रेडमाइन युजर होऊनच करायची. रूट होऊन नाही, आणि प्रत्येक आज्ञेपुढे सुडो लावूनही नाही. एकदा त्या युजरच्या शेलमध्ये जा आणि तिथेच राहा. कारणं दोन. रूटने एक जरी रेक टास्क (रेडमाइनची तयार आज्ञा) चालवला तरी प्रॉडक्शनची लॉग फाइल रूटच्या नावावर बनते, आणि पुढे रेडमाइन युजरने चालणाऱ्या सर्व्हिसला तिच्यात लिहिता येत नाही. आणि आज्ञेच्या सुरुवातीला लिहिलेलं रेल्स-एन्व्ह (प्रॉडक्शन की डेव्हलपमेंट ते सांगणारं) हे चल सुडो गाळून टाकतं. तुम्हाला वाटतं प्रॉडक्शन चाललंय, प्रत्यक्षात चालतं डेव्हलपमेंट.

आता कॉन्फिग फोल्डरमधल्या डेटाबेस.वायएमएल.एक्झाम्पल ची प्रत डेटाबेस.वायएमएल नावाने करा. नमुन्यात मायएसक्यूएलचा भाग चालू असतो. तो काढून पोस्टग्रेएसक्यूएलचा प्रॉडक्शन भाग ठेवा. भरताना तीन सापळे आहेत.

होस्टची ओळ लिहा आणि तिथे लोकलहोस्ट घाला. ती गाळली तर जोडणी युनिक्स सॉकेटवरून होते, तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही, लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा रोल यांची नावं जुळतात का तेवढं पाहिलं जातं. नावं वेगळी असली की "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड".

पासवर्ड अवतरणचिन्हांत ठेवा. वायएमएलला नुसते आकडे दिसले की तो त्यांना संख्या समजतो, आणि मोकळ्या जागेनंतर हॅश आला की पुढचं सगळं टिप्पणी म्हणून सोडून देतो.

आणि टॅब वापरू नका. फक्त स्पेस. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, वायएमएलला नाही.

तपासणी: फाइल मालकाखेरीज कोणाला वाचता येत नाही ना? परवानगी ६०० हवी. आत पासवर्ड आहे.

## ४. जेम बसवणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडखळतात. कारण रेडमाइनची जेमफाइल (लागणाऱ्या जेमची यादी) डेटाबेस.वायएमएल उघडून बघते. तिथे ॲडॅप्टर म्हणून काय लिहिलंय त्यावरून डेटाबेसचा कोणता जेम बसवायचा ते ठरवते. म्हणजे 'बंडल इन्स्टॉल' (बंडलर हे साधन यादीतले जेम बसवतं ती आज्ञा) आधी आणि डेटाबेसची फाइल नंतर असं केलंत, तर इन्स्टॉल हसतखेळत पूर्ण होतं आणि पोस्टग्रेएसक्यूएलचा जेम मात्र येतच नाही. पुढच्या टप्प्यात "पीजी जेम लोड झाला नाही" अशी तक्रार येते. लोक मग तो जेम हाताने बसवतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण बंडलर स्वतःच्या यादीबाहेरच्या जेमकडे ढुंकूनही बघत नाही. उपाय साधा आहे: फाइल दुरुस्त करा आणि 'बंडल इन्स्टॉल' पुन्हा चालवा. पुढे कधी डेटाबेस बदललात तरी हेच.

दुसरा घोळ पुमाचा. जेमफाइलमध्ये पुमा आहे, पण टेस्ट गटात. आपण डेव्हलपमेंट आणि टेस्ट हे गट वगळणार, म्हणजे पुमाही वगळला जाणार. म्हणून जेमफाइल.लोकल नावाची नवी फाइल करा आणि जेमफाइलमधली पुमाची ओळ जशीच्या तशी तिच्यात उतरवा. जशीच्या तशीच, कारण दोन ठिकाणी वेगवेगळ्या अटी लिहिल्या तर बंडलर भांडतो. मूळ जेमफाइलमध्ये बदल करू नका. अपग्रेडच्या वेळी ती नवी येते आणि तुमचा बदल पुसला जातो.

आता क्रमाने:

१. बंडलरच्या लोकल सेटिंगमध्ये 'विदाउट' ला डेव्हलपमेंट आणि टेस्ट द्या.
२. लोकल सेटिंगमध्येच 'पाथ' ला व्हेंडर/बंडल द्या, म्हणजे जेम रेडमाइनच्याच फोल्डरमध्ये बसतील आणि रूटची गरज पडणार नाही.
३. 'बंडल इन्स्टॉल'.

तपासणी: 'बंडल लिस्ट' मध्ये पीजी आणि पुमा ही दोन्ही नावं आहेत का? एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका.

## ५. टोकन, टेबलं आणि सुरुवातीचा डेटा

'जनरेट-सीक्रेट-टोकन' हा रेक टास्क चालवा. कॉन्फिगमधल्या इनिशियलायझर्स फोल्डरमध्ये एक फाइल तयार होते. ही पुन्हा पुन्हा बनवायची नसते. बदलली की सगळ्यांचे लॉगिन तुटतात.

मग रेल्स-एन्व्ह प्रॉडक्शन ठेवून डीबी-मायग्रेट (टेबलं बनवणारा टास्क). त्यानंतर रेडमाइनचा 'लोड-डिफॉल्ट-डेटा'. हा टास्क भूमिका, ट्रॅकर (कामाचे प्रकार), स्थिती, प्राधान्यक्रम आणि वर्कफ्लो भरतो. तो वगळला तर रेडमाइन उघडतं, लॉगिन होतं, प्रोजेक्टही बनतं, फक्त त्यात एकही काम नोंदवता येत नाही.

टास्क भाषा विचारतो. भाषांच्या यादीत तमिळ आहे, मराठी नाही. इंग्रजी निवडा. "न्यू", "इन प्रोग्रेस" ही नावं डेटाबेसमध्ये साध्या मजकुरासारखी साठतात, त्यामुळे नंतर ॲडमिनमध्ये जाऊन "नवे", "चालू", "तपासणीला" अशी हवी तशी बदलता येतात. आमच्याकडे "तपासणीला" ही स्थिती घातल्यापासून "झालं का?" विचारणारे फोन बरेच कमी झाले, तेव्हा हा अर्धा तास जरूर द्या.

तपासणी: मायग्रेशनच्या शेवटी एरर नाही ना? डीबी-मायग्रेट पुन्हा चालवल्यावर काहीच न करता परत आला, म्हणजे सगळं लागलेलं आहे.

## ६. परवानग्या, चाचणी, सर्व्हिस

फाइल्स, लॉग, टीएमपी, टीएमपी/पीडीएफ आणि पब्लिक/ॲसेट्स हे फोल्डर रेडमाइन युजरच्या मालकीचे आणि लिहिण्याजोगे हवेत. जुने लेख पब्लिक/प्लगइन-ॲसेट्स सांगतात, ते ५.१ पर्यंत. ६.० मध्ये ॲसेट्स. पान उघडलं पण रंग-रूप सगळं गायब, नुसत्या निळ्या लिंका दिसताहेत, तर इथेच बघा. आणि ७७७ परवानगी देऊन मोकळं होऊ नका.

आधी पुमा हाताने चालवा, पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ३०००. दुसऱ्या खिडकीतून कर्लने (टर्मिनलवरून पान मागवणारी आज्ञा) तो पत्ता मागवा. एचटीएमएल आलं तर ठीक. मगच सिस्टिमडीची (उबुंटूमध्ये प्रोग्रॅम आपोआप चालू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिस लिहा: युजर रेडमाइन, वर्किंग डिरेक्टरी /ऑप्ट/रेडमाइन, एन्व्हायर्न्मेंटमध्ये रेल्स-एन्व्ह प्रॉडक्शन, आणि आज्ञेत बंडलचा पूर्ण मार्ग. बंद पडल्यास आपोआप सुरू होण्याची ओळही घाला.

हाताने चालतं आणि सर्व्हिस म्हणून चालत नाही, असं झालं तर जर्नल (सर्व्हिसचा लॉग) वाचा. दहापैकी नऊ वेळा वर्किंग डिरेक्टरी राहिलेली असते, किंवा कोणत्यातरी टप्प्यात रूटने चालवलेल्या आज्ञेची एखादी फाइल मागे उरलेली असते.

तपासणी: सर्व्हर रीबूट करा. काहीही न करता कर्ल पुन्हा चालला पाहिजे.

## ७. एन्जिनएक्स आणि सर्टिफिकेट

साइटची फाइल लिहा, एन्जिनएक्सची डिफॉल्ट साइट काढून टाका, 'एन्जिनएक्स -टी' ने तपासा, मग रीलोड. प्रॉक्सीच्या (विनंती पुमाकडे पाठवणाऱ्या) भागात दोन गोष्टी सोडू नका.

एक, होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर पुढे पाठवा. दुसरा राहिला तर रेडमाइनला कळत नाही की बाहेर एचटीटीपीएस आहे. पान छान दिसतं, पण लॉगिनचं बटण दाबलं की "फॉर्मचं ऑथेंटिसिटी टोकन अवैध" असं येतं. लोक कुकी साफ करतात, ब्राउझर बदलतात, काही जण टोकन नव्याने बनवतात. दोष एन्जिनएक्सच्या त्या न लिहिलेल्या ओळीत असतो.

दोन, क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपर्यंतचंच अपलोड घेतं, रेडमाइनची मर्यादा ५ एमबी. मोबाइलवर काढलेला एक फोटो जोडला की ४१३ (फाइल फार मोठी) ही एरर. दोन्हीकडे मर्यादा वाढवा, आणि एन्जिनएक्सची रेडमाइनपेक्षा थोडी जास्त ठेवा.

आता सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारं साधन), आणि आधी ड्राय रन (नुसती तालीम). लेट्स एनक्रिप्टमध्ये अयशस्वी प्रयत्नांवर मर्यादा आहे. खऱ्या सर्टिफिकेटसाठी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलात तर तासभर बाहेर बसावं लागतं. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, म्हणून नूतनीकरणाचा टायमर चालू आहे ना तेही बघा. पुढे कधी ८० पोर्ट बंद केलात तर ते नूतनीकरण गुपचूप थांबेल.

तपासणी: मोबाइल डेटावरून, म्हणजे ऑफिसच्या वायफायबाहेरून, पत्ता उघडा आणि २ एमबीची फाइल जोडून बघा.

## ८. पहिला लॉगिन, आणि लगेच

युजर ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. आत शिरताच तो बदलायला लावतो. पण ही पायरी उद्यावर टाकली तर मधल्या वेळेत तुमचं रेडमाइन जगासाठी उघडं आहे. सातवा आणि आठवा टप्पा एकाच बैठकीत करा.

त्यानंतर सेटिंग्ज, कोणालाही खातं देण्याआधी:

- ऑथेंटिकेशनमध्ये "लॉगिन आवश्यक" चालू करा. मुळात ते बंद असतं.
- स्वतःहून नोंदणी बंद करा.
- प्रोजेक्ट्समध्ये "नवे प्रोजेक्ट मुळात सार्वजनिक" काढा.
- जनरलमध्ये होस्टचं नाव आणि प्रोटोकॉल भरा. तिथे मुळात लोकलहोस्ट:३००० असतं, आणि मेलमधली प्रत्येक लिंक त्यावरूनच बनते.

यातली पहिली आणि तिसरी सेटिंग तशीच राहिली तर काय होतं ते मी एका छोट्या ऑफिसात पाहिलं आहे. ग्राहकाच्या कामाची नोंद त्या ग्राहकालाच सर्च इंजिनवर सापडली. फोन आला तेव्हा आम्ही दिवाळीच्या सुट्टीवर होतो.

## ९. मेल

कॉन्फिगरेशन.वायएमएल ही फाइलही नमुन्यावरून बनवा. स्पेस-टॅबचा नियम तोच. पोर्ट ५८७ वापरा. २५ हा पोर्ट बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जायला बंद ठेवतात. जीमेलवरून पाठवणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड काढावा लागतो. फाइल बदलल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर जुनंच वाचत राहील.

"प्रेषकाचा पत्ता" हा सेटिंगही बदला. तिथे एक्झाम्पल.नेट चा नमुना पत्ता असतो आणि कोणतीही शहाणी मेल सेवा तो नाकारते.

तपासणी: सेटिंग्जमधल्या मेलच्या पानावरून टेस्ट मेल पाठवा. बाकीचे मेल पार्श्वभूमीवर जातात, त्यामुळे अडले तरी पडद्यावर काही दिसत नाही. टेस्ट मेलची एरर मात्र समोर येते. मेल आला की त्यातल्या लिंकवर क्लिक करून ती तुमच्याच डोमेनवर जाते ना तेही बघा.

## १०. बॅकअप, प्लगइनच्या आधी

घ्यायचं ते तीन ठिकाणचं: पीजी-डंपने डेटाबेस, फाइल्स फोल्डर, आणि कॉन्फिगमधल्या तुमच्या फाइली टोकनसह. जोडलेल्या फाइली डेटाबेसमध्ये नसतात. फक्त डंप घेणाऱ्याला रीस्टोरच्या दिवशी नावं मिळतात, फाइली नाही.

क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दोन खोड्या आहेत. फाइलच्या नावात तारीख घालायला टक्क्याचं चिन्ह लागतं, आणि क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ. पुढे बॅकस्लॅश न लावल्यास आज्ञा मध्येच तुटते आणि बॅकअप होतच नाही. आज्ञा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमधून तिला बोलावणं सगळ्यात सोपं. दुसरी खोडी वेळेची. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, म्हणजे "रात्री २" लिहिलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी ७:३० ला चालतो. रात्री दोनला हवा असेल तर २०:३० लिहा.

प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. मग एक स्वस्तातला दुसरा सर्व्हर दोन तासांसाठी घ्या, पहिल्या ते सहाव्या टप्प्यापर्यंतचं सगळं करा, पाचव्यातल्या मायग्रेशनऐवजी डंप भरा आणि टोकनची जुनी फाइल ठेवा. एखादी जोडलेली फाइल उघडून बघा. उघडली की तो सर्व्हर बंद करा, आणि मगच पहिलं प्लगइन बसवायला घ्या, तेही एका वेळी एकच.